जोड लावताना

तुलना केल्याशिवाय कोल्हापूरकराला अन्न पचत नाही. तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावतानाच तो दुसऱ्या कुठल्यातरी खानावळीतल्या रश्श्याची आठवण काढतो. आखाड्यात नवा मल्ल उतरला की शेजारचा म्हातारा ताबडतोब चाळीस वर्षांमागचा मल्ल उभा करतो. पण खासबाग मैदानाची एक रीत आहे. जोड लावताना वय बघतात, वजन बघतात, तयारी बघतात. पंचविशीतल्या पोरानं सत्तरीच्या वस्तादाला चीत केलं, म्हणून तिथं कुणी हलगी कडाडवत नाही.

आमचा भाचा ही रीत मानत नाही. राजारामपुरीत त्याचं डिझाइनचं दुकान आहे. म्हणजे वाढदिवसाचे, निवडणुकीचे आणि दुःखद निधनाचे फलक तो संगणकावर जुळवतो आणि रात्री त्याच संगणकावर लढाया मारतो. ‘मामा, जुनं ग्राफिक्स कार्ड म्हंजे निव्वळ भंगार. नव्याचा नादच खुळा!’ हे त्याचं मत. हे कार्ड रेशनचं नव्हे. पडद्यावर जे दिसतं ते ठिपक्याठिपक्यानं रंगवणारा, संगणकाच्या पोटात बसवलेला पेंटर म्हणजे हे कार्ड.

आता पेंटर म्हटलं की कोल्हापूरकर कान टवकारणारच. आनंदराव पेंटर अकाली गेले, पण त्यांचं अपुरं काम बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली पुरं केलं आणि सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लोकांपुढं आला. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवीत. एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रं, असा साधारण हिशेब. बोलपट आले आणि आकडा २४ वर स्थिरावला. एवढ्या भांडवलावर जग पोटभर हसलं आणि रडलं. भाच्याला सेकंदाला १४४ चित्रं लागतात. ६० वर आलं की ‘अडाकल्यागत हुतंय’ म्हणतो!

या नव्या पेंटरांचं घराणंही बघण्यासारखं आहे. १९८१ साली आयबीएमचं पहिलं रंगीत कार्ड आलं. चित्र काढायचं तर ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी रंग चार. त्यांतही आकाशी, गुलाबी-जांभळा आणि पांढरा असा थाट, की कुठल्याही दृश्याला बँडवाल्यांच्या गणवेशाची कळा यावी. १९९६ साली व्हूडू नावाचं कार्ड निघालं. ते त्रिमितीच्या खेळांत वाघ, पण साधा मजकूर दाखवायला त्याच्या जोडीला दुसरं कार्ड ठेवावं लागे. घरकामाला एक आणि नाचगाण्याला एक, असा तो खानदानी संसार होता. फार टिकला नाही. १९९९ च्या जीफोर्स २५६ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर होते, तर २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये ७,६३० कोटी. भाचा हे आकडे सांगताना छाती काढतो, जणू प्रत्येक ट्रान्झिस्टर त्यानंच खुराक घालून वाढवलाय.

खुराकावरून आठवलं. मल्लाची बदामं आणि दूध मोजतात, तसे कार्डाचे वॉट मोजतात. २०१० चं जीटीएक्स ४८० हे २५० वॉटचा खुराक खाई आणि असं तापे, की त्यावर ऑम्लेट भाजण्याचे विनोद जगभर झाले. चारच वर्षांनी आलेलं ७५० टीआय ६० वॉटमध्ये जवळपास त्याच तोडीचं काम करू लागलं. माझ्या मते या साऱ्या घराण्यातली खरी कुस्ती जिंकली ती त्यानं. पण तिची हलगी कुणी वाजवली नाही, कारण ते मोठ्यांच्या गटात नव्हतं. मोठ्यांचा खुराक चढतच राहिला. ४०९० ला ४५० वॉट लागतात, २०२५ च्या ५०९० ला ५७५. शिवाय २०२२ पासून या घराण्यानं नवाच डाव काढला. दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र कार्ड अंदाजानं तयार करून घुसवतं, आणि तेही सेकंदाच्या हिशेबात धरतात. खासबागेत पंचांनी असे अंदाजाचे गुण दिले असते, तर पंच चालत घरी गेले नसते.

पण भाच्याच्या यादीत नसलेलं एक जुनं कार्ड आहे आणि ते आपल्या मुलखातलं आहे. जुन्या संगणकाचा पडदा म्हणजे २५ ओळी, ओळीत ८० खण, आणि एका खणात एक रोमन अक्षर. आपली देवनागरी अशा खणांत बसणारी नव्हे. पहिली वेलांटी उच्चारायची नंतर आणि काढायची आधी. रफार पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. क आणि ष एकत्र आले की दोघांचीही ओळख पुसते. या गोतावळ्याला शिस्त लावण्याचं काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी आरंभलं. पुढं १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, ते काम तिथं आलं आणि जिस्ट कार्ड म्हणून देशभर गेलं. ते संगणकात बसवलं की उच्चाराच्या क्रमानं कळा दाबायच्या, जोडाक्षर कार्ड जुळवी. आपल्या लिप्यांना समान सांकेतिक क्रमांक दिलेले असल्यामुळं देवनागरीतला मजकूर हुकूम देताच कन्नड अक्षरांत दिसे. सीमाप्रश्न इतक्या झटपट दुसऱ्या कुणी हाताळल्याचं ऐकिवात नाही.

हे कार्ड दुसऱ्या कार्डानं पाडलं नाही. युनिकोड आलं, विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली, आणि जोडाक्षरं जुळवायचं काम निव्वळ सॉफ्टवेअरकडं गेलं. तेव्हापासून कार्डाकडं तयार आकार येतो आणि ते तो निमूटपणे रंगवतं. आकार मोडका आला तर मोडकाच रंगवतं, पण सेकंदाला १४४ वेळा.

परवा आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद गेले. फलक एका दुकानातून (भाच्याच्या नव्हे) रातोरात छापून आला. वस्तादांचा फोटो असा झकास, की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. खाली मात्र ‘भावपूर्ण’चा रफार घसरून पडलेला, ‘श्रद्धांजली’ची अक्षरं पाय मोडून वेगवेगळी बसलेली, आणि वस्तादांच्या नावातलं जोडाक्षरही फुटलेलं. येणारे-जाणारे बघून न बघितल्यासारखं करत होते. काकी बराच वेळ फलकाखाली उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘जल्मात ह्यांची पाठ कुनी टेकीवली न्हाई. आनि आता नाव असं मोडलंय व्हय?’

भाच्यानं ऐकलं. एक शब्द न बोलता त्यानं पोरांकडून फलकाची फाइल मागवली आणि दुकान उघडलं. दीड लाखाच्या पुढचं नवं कार्ड महिन्यापूर्वीच बसवलेलं होतं, काचेच्या पेटीत लाल-निळं चमकत. त्यानं फाइल उघडली. मजकूर जुळवण्याच्या पद्धतींच्या यादीत बोट फिरवत फिरवत भारतीय लिप्यांचा पर्याय शोधला आणि कळ दाबली. रफार उडी मारून आपल्या जागी बसला. ‘श्र’ एक झाला, ‘द्ध’ एक झाला, वस्ताद पुन्हा दोन पायांवर उभे राहिले. भाच्यानं नाव दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं.

मी कार्डाकडं बघितलं. काम इतकं हलकं, की त्याचे तिन्ही पंखे जागचे हलले नव्हते.