प्रवाळकुंडातील प्रकाश : दीप आणि चोक यांच्या निवडीचा इतिहास

समुद्री मत्स्यालयांच्या इतिहासात पाण्याचा विचार जितका झाला, तितका प्रकाशाचा झालेला नाही. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या काठी उभे राहिले. माशांसाठी खारे पाणी हाताशी असणे सोयीचे असते. मासा मंद प्रकाशातही जगतो. प्रवाळाचे तसे नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यात प्रवाळकुंड उभारावयाचे झाल्यास पाणी क्षार मिसळून तयार करता येईल. पण प्रवाळाला पुरेल असा सूर्य कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतोच. मेटल हॅलाइड दीप आणि त्यास लागणारा बॅलास्ट, म्हणजे बाजारातील भाषेत चोक, हे या प्रश्नाचे दीर्घकाळ मान्य झालेले उत्तर होते. ते उत्तर कसे घडले आणि त्याची पारख कशी बदलली, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रवाळाला प्रकाश का लागतो, हे प्रथम स्पष्ट व्हावे लागले. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या मोहिमेने प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा अभ्यास केला. तथापि प्रवाळ हा मुख्यतः मांसाहारी प्राणी आहे, असाच याँग यांचा निष्कर्ष होता. १९३७ मध्ये सिरो कावागुती यांनी पलाऊ येथे केलेल्या प्रयोगांत उजेडातील प्रवाळ प्राणवायू बाहेर टाकतात, असे दिसून आले. १९५९ मध्ये टॉमस गोरो यांनी प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा प्रकाशात अधिक वेगाने वाढतो, हे दाखविले. प्रकाश हा येथे शोभेचा भाग नसून अन्नाचा भाग आहे, हे त्यावरून निश्चित झाले. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जिवंत खडकांवर व नैसर्गिक प्रकाशावर भर होता. उष्ण कटिबंधात ते शक्य झाले. युरोपातील अंधाऱ्या हिवाळ्यात ते शक्य नव्हते.

दिव्याची कथा याहून जुनी आहे. पीटर कूपर ह्यूइट यांचा पाऱ्याच्या बाष्पाचा दीप १९०१ चा. त्याचा प्रकाश हिरवट-निळा, तांबड्या रंगाविना. या पाऱ्यात हॅलाइड क्षार मिसळून वर्ण सुधारण्याच्या कल्पनेचे पेटंट चार्ल्स स्टाइनमेट्झ यांना १९१२ मध्ये मिळाले. परंतु व्यवहारात टिकेल असा दीप जनरल इलेक्ट्रिकमधील गिल्बर्ट रायलिंग यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केला. सोडियम, थॅलियम व इंडियम यांची आयोडाइडे वापरून अनुक्रमे पिवळा, हिरवा व निळा रंग मिळवता येतो. क्रीडांगणे आणि कारखाने यांसाठी रूढ झालेला हा दीप १९८० च्या दशकात जर्मनीतील प्रवाळपालकांनी आपल्या कुंडांवर टांगला, आणि क्षारांचे प्रमाण बदलून ६५००, १०,०००, २०,००० केल्विन असे निरनिराळे दीप पुढे विक्रीस आले.

येथे चोकाचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. विद्युत्प्रज्योतीचा एक स्वभाव असा की, तीतून जाणारा प्रवाह वाढला की तिचा रोध घटतो. नियंत्रण नसेल तर प्रवाह वाढत जाऊन दीप नष्ट होतो. हे नियंत्रण चोक करतो. साहजिकच दीपाला किती शक्ती मिळावी, हे ठरविणे चोकाच्या हाती असते. असे असूनही ग्राहक मात्र वेष्टनावरचे वॅट आणि केल्विन पाहून निवड करीत.

या समजुतीची शास्त्रीय परीक्षा १९९८ पासून झाली. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले संजय जोशी यांनी सहकाऱ्यांसह प्रवाळपालनातील दीपांचे वर्णपट मोजून लेखमालेने प्रसिद्ध केले. दीप ठरावीक अंतरावर टांगून प्रकाशसंश्लेषणास उपयोगी फोटॉनांची दर सेकंदाची घनता त्यांनी नोंदविली. सारख्याच केल्विनचे म्हणून विकले जाणारे दीप परस्परांपासून फार भिन्न आढळले. एकच दीप निरनिराळ्या चोकांवर लावला असता त्याची शक्ती, प्रकाश आणि काही वेळा वर्णही बदलत असे. दीप व चोक यांची जोडीच मोजमापाचे खरे एकक आहे, हा या कामाचा मथितार्थ होय.

गोंदियाच्या परिस्थितीत हा निष्कर्ष लावून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. साध्या चोकावर विद्युत्दाब पाच टक्के घटला की दीपाची शक्ती त्याच्या दुपटीने किंवा अधिक घटते. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट ही घट बव्हंशी सावरतो. वीज क्षणभर गेली तरी तापलेला दीप काही मिनिटे निवल्यावाचून पुन्हा पेटत नाही. शिवाय ४०० वॅटचा दीप आपली बहुतेक ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपानेच सोडतो. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एक-दोन अंशांनी दीर्घकाळ तापले तरी प्रवाळ विरंजित होतात. कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने बाष्पीभवन वाढवून पाणी थंड ठेवता येते. पावसाळ्याच्या दमट हवेत तो उपाय लंगडा पडतो. म्हणून येथे अधिक वॅटचा दीप हा अधिक चांगला दीप ठरेलच असे नाही. अनेक प्रवाळांत काही शे मायक्रोमोलांनंतर प्रकाशसंश्लेषण वाढतही नाही.

२००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रव्यजने यांचा समावेश झाला. त्यामुळे भारतीय सागरातील या प्रवाळांचा संग्रह हौसेचा विषय राहिला नाही. रीतसर परवानगीने चालणाऱ्या संशोधनाचे उत्तरदायित्व त्याने वाढविले. २०१० नंतर एलईडी दीपांनी मेटल हॅलाइड दीपांची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. त्यांच्याही वेष्टनांवर वॅट आणि केल्विन छापलेले असतात, आणि त्यांनाही विद्युत्प्रवाह नियंत्रित करणारा चालक लागतो. साधन बदलले, तरी संरक्षित जीव ज्या प्रकाशाखाली ठेवावयाचा तो प्रकाश त्या जीवाच्या ठिकाणी मोजून घेण्याचे कर्तव्य कायम आहे.