आधी पाणी की आधी आडनाव? सायकलवरच्या पाहुण्याचा इतिहास (थ्रेड)

1993 साली उत्तर अमेरिकेतील दोन सायकलस्वारांनी एक साधी यादी चालवायला घेतली. लांब पल्ल्याचा सायकलप्रवासी गावात आला तर त्याला एक रात्र आपल्या घरी ठेवून घेण्यास कोण तयार आहे, एवढीच माहिती तीत होती. पैशांचा व्यवहार नव्हता. आज जो पाहुणा तो उद्या यजमान, एवढीच अपेक्षा. यादीचे नाव ‘वॉर्मशॉवर्स’, म्हणजे ऊन पाण्याची अंघोळ. आज ती जगभर पसरली आहे आणि भारतातील घरेही तीत आहेत. नावात अंथरूण नाही, जेवणही नाही. दिवसभर पायडल मारून आलेल्या माणसाला सर्वांत आधी काय हवे असते, हे ते नाव ठेवणाऱ्यांना पुरते ठाऊक असावे.

मराठी घराला यात नवल वाटू नये. दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, मग निवांत विचारपूस, हा क्रम इकडे पिढ्यान्पिढ्यांचा आहे. म्हणूनच सायकलप्रवाशांना घरी उतरवून घेण्याची आजची रीत दिसली की ‘अतिथिदेवो भव’ हे तैत्तिरीय उपनिषदातले वचन पटकन ओठांवर येते आणि परंपरेची रेघ तिथून इथपर्यंत सरळ ओढली जाते. ती रेघ इतकी सरळ नाही. पाण्याच्या तांब्याआधी उंबऱ्यावर एक प्रश्न विचारला जात असे : कोण गावचे, आडनाव काय? हा प्रश्न भूगोलाचा नव्हता.

हा इतिहास श्रीगोंद्यावरून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. दक्षिणेला भीमा, पश्चिमेला घोड आणि मध्ये पर्जन्यछायेतला कोरडा माळ, असा हा तालुका. गावाचे जुने नाव चांभारगोंदे. महादजी शिंद्यांचा वाडा इथे आहे; तालुक्याच्या दक्षिण टोकाला भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड आहे, जिथे 1689 मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे आणण्यात आले. नगर-दौंड रस्ता याच तालुक्यातून जातो, दौंड-मनमाड लोहमार्गही. लष्करे, बैलांचे तांडे, काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला येणारे शेतकरी, गोसावी, फकीर, वारकरी अशी वाटसरूंची रीघ या मुलखाने पाहिली आहे. अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि लिंबाने भरलेल्या टेम्पोंच्या कडेने, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली एखादी सायकलही जाताना दिसते.

जुन्या काळी असा परका वाटसरू संध्याकाळी गावात आला तर तो उतरे कुठे? चावडीत, मारुतीच्या देवळात, धर्मशाळेत किंवा मठात. घरात नव्हे. घर सोयऱ्यांसाठी आणि जातभाईंसाठी होते. याचे उत्तम उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात मिळते. 1857 मध्ये पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळवण्यासाठी निघालेला हा भटजी बंडाच्या धामधुमीत थेट झाशीपर्यंत पोहोचला. त्याच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु त्या धाडसाखाली एक जाळे पसरलेले होते. उत्तरेत जिथे मराठी ब्राह्मणांची घरे होती, तिथे त्याच्यासाठी पान मांडले जाण्याची शक्यता होती. आडनाव हेच त्याचे ओळखपत्र होते. हे जाळे सर्वांसाठी विणलेले नव्हते.

अहिल्याबाई होळकरांचे काम या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. 1725 मध्ये याच जिल्ह्यातील चोंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्री मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांवर खर्च केला. जिल्ह्याला आज त्यांचे नाव आहे. धर्मशाळेकडे पुण्यकर्म म्हणून पाहिले जाते, ते खरेच आहे. पण धर्मशाळा ही एक कबुलीही आहे : खाजगी उंबरा जिथे परक्याला अडवतो, तिथे सार्वजनिक छप्पर उभारावे लागते. (त्या छपराखालीही कोणी कुठे चूल मांडायची याचे नियम होते, हे विसरता येत नाही.)

श्रीगोंद्यात या नियमांना छेद देणारी एक खूण सतराव्या शतकापासून आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद इथेच राहिले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. जन्माने मुसलमान, लेखनाची भाषा मराठी, भक्ती वारकऱ्यांच्या जवळची. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले यांनी त्यांना आश्रय देऊन मठ उभारून दिला, असे परंपरा सांगते. मठ म्हणजे केवळ साधनेची जागा नव्हे. फिरत्या माणसाची ती रात्रीची वसतीही असते. ज्या दारी गोसावी आणि फकीर दोघेही थांबू शकत, असे दार त्या काळच्या गावात किती असतील?

दुसरे उघडे दार वारीचे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर सोडल्यावर घोगरगाववरून मिरजगावकडे जाते. यांपैकी घोगरगाव हे श्रीगोंदा तालुक्यातले. पालखीच्या वाटेवरची गावे दिंड्यांच्या पंगती वाटून घेतात. कोणाकडे सकाळचा चहा, कोणाकडे दुपारचे जेवण, कोणाच्या अंगणात रात्रीचा मुक्काम. पातेल्यांत पाणी तापते, सुजलेल्या पावलांना तेल चोळले जाते. पर्जन्यछायेच्या प्रदेशात, ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस पडलेला असो वा नसो, शेकडो माणसांना पुरेल एवढे पाणी काढून ते तापवणे ही लहान गोष्ट नाही. आणि हे पाणी शेंदणारे, भाकरी थापणारे हात बहुतांशी बायकांचे. पाहुणचाराच्या इतिहासात यजमान म्हणून नाव मात्र घरधन्याचे लागते.

सायकलप्रवाशाच्या मुक्कामाचा खरा पूर्वज शोधायचा तर तो उपनिषदात नव्हे, या पंगतीत शोधावा. चालत आलेला अनोळखी माणूस, एका रात्रीचा थांबा, पैशांवाचून जेवण, पहाटे पुढची वाट : चारही गोष्टी इथे जुळतात. तरीही या दाराला एक उंबरा होताच. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. आणि ज्या विठ्ठलासाठी सगळी वाट तुडवायची, त्याचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. वाट समतेची होती, शेवटचे पाऊल नव्हते.

गावगाड्यात परक्या वाटसरूला रस्ता दाखवण्याचे, पुढच्या गावापर्यंत सोबत करण्याचे, त्याच्या सामानाची राखण करण्याचे काम महारांकडे असे. वाटसरूंच्या सोयीचा भार ज्यांच्यावर, त्यांनाच प्रवासात पाणी मागण्याची चोरी. या विसंगतीचा सर्वांत बोलका दाखला श्रीगोंद्याचा नसून खानदेशातल्या चाळीसगावचा आहे आणि तो यजमानांचा आहे, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक.

1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत होते. ते चाळीसगाव स्थानकावर उतरले, तेव्हा तिथल्या महारवाड्यातील लोकांनी एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह धरला. वस्ती स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर, वाटेत नदी. पायी जाता आले असते. परंतु एवढ्या मोठ्या पाहुण्याला चालवत नेणे यजमानांना कमीपणाचे वाटले, आणि अस्पृश्याला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना. खूप वेळ थांबल्यावर तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र तुमच्या माणसाने. ज्याने आयुष्यात लगाम धरला नव्हता असा एक जण पुढे बसला. नदीवरच्या पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत पडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात ही हकीकत त्यांनी स्वतः लिहिली आहे.

त्या यजमानांकडे घर होते, जेवण होते, जिव्हाळा होता. घरापर्यंतचा रस्ता मात्र त्यांच्या हातात नव्हता. पाहुणचार हा केवळ मनाच्या मोठेपणाचा विषय मानणाऱ्या प्रत्येक विवेचनाला चाळीसगावचा हा टांगा आडवा येतो.

सायकल या चित्रात कुठे बसते? तिला टांगेवाला लागत नाही, हे पहिले. ती आली तीही आपल्यासोबत मुक्कामाची व्यवस्था घेऊनच. इंग्लंडमध्ये 1878 मध्ये स्थापन झालेल्या सायकल पर्यटकांच्या क्लबाने प्रवासाच्या वाटेवरची विश्वासू खाणावळ-हॉटेले निवडून आपल्या सदस्यांसाठी दर ठरवून घेतले आणि गावोगावी माहिती देणारे प्रतिनिधी नेमले. भारतात मात्र हा साचा लागू पडला नाही. अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम यांनी 1898 च्या सुमारास भारतातून जी प्रचंड सायकलयात्रा केली, तिच्यावरील 1904 च्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच 14,000 मैलांचा आकडा आहे. त्यांचे मुक्काम मुख्यतः डाक बंगल्यांत आणि रेल्वे स्थानकांवर झाले. देवळे आणि लेणी त्यांनी बारकाईने पाहिली. भारतीय घराची ओसरी त्यांच्या प्रवासाच्या आराखड्यात नव्हती. राज्यकर्त्यांच्या वर्णाच्या प्रवाशासाठी सरकारी छप्पर होते, घराचे दार वाजवण्याची गरजच नव्हती.

उलट दिशेने निघालेल्यांची गोष्ट अधिक रोचक आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा आरंभली. त्यांपैकी तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, ती पुरी केली आणि मार्च 1928 मध्ये ते मुंबईत परतले. सुमारे 44,000 मैल. इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश. सोबत पाठीराखी मोटार नव्हती. त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. अशा प्रवासात दर संध्याकाळी अनोळखी मुलखात कोणाच्या तरी दारी जाऊन उभे राहावे लागते आणि तिथे आडनावाने काहीच उलगडत नाही. पारतंत्र्यातील देशाचे हे तरुण परक्यांच्या दारी फक्त ‘सायकलवरून आलेली माणसे’ म्हणून उभे होते. भारतीय प्रवाशासाठी ही ओळख नवीन होती.

परंतु हीच ओळख सर्व भटक्यांच्या वाट्याला आली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पिढ्यान्पिढ्या फिरणाऱ्या जमातींना जन्मतः संशयित ठरवले. पुढे मुंबई इलाख्यातही तो कायदा लागू झाला. कुठे मुक्काम, कुठे जाणार, याची नोंद पोलिसांकडे. हजेरी चुकली तर शिक्षा. श्रीगोंदा परिसरातील पारधी पालांना हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, संशय मात्र विमुक्त झाला नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (1915) वाचताना फिरस्त्यांच्या मागण्यांनी कुणबी कसा पिळला जातो याची तक्रार पानोपानी भेटते. ती तक्रार पूर्ण खोटी म्हणता येत नाही, कारण दुष्काळी मुलखात देणाऱ्याच्याही कणगीला तळ असतो. मात्र ‘फिरस्ता’ आणि ‘प्रवासी’ हे दोन शब्द वेगळे कोणी केले आणि कशावरून केले, हे विचारायला हवे. अंतर दोघेही तुडवत होते.

आज नाशिकसह अनेक शहरांतून आषाढीच्या सुमारास सायकलवाऱ्या पंढरपूरला जातात आणि वाटेवरची गावे त्यांनाही पंगतीत बसवतात. 2018 मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणा करणारी पुण्याची वेदांगी कुलकर्णी यांच्यासारख्यांमुळे एकट्या मुलीने सायकलवर येणेही आता अगदी अनाकलनीय राहिलेले नाही. घरी सायकलप्रवासी उतरवणाऱ्या यजमानाचे काम तसे सोपे असते : सायकल आत घेण्यापुरती पडवी, कपडे वाळवायला दोरी, लिंबूपाणी, भरपूर भात आणि बंबातले किंवा गिझरचे ऊन पाणी.

पाहुणा परदेशी असेल तर आणखी एक काम वाढते. त्याला ठेवून घेणाऱ्याने 24 तासांच्या आत विहित अर्ज भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. नाव, राष्ट्रीयत्व, पारपत्राचा व व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार. हा नियम हॉटेलाइतकाच घरालाही लागू आहे. पाहुणा देशातलाच, शेजारच्या जिल्ह्यातला असेल तर असा कोणताही अर्ज नसतो. त्याला फक्त जेवताना, ताटात दुसरी भाकरी पडत असताना, सहज आडनाव विचारले जाते.