घोंगडीचे सूत

गगनबावडा-राधानगरीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना घोंगडीची थोरवी निराळी सांगायला नको. खोळ करून डोक्यावर घेतली की ती पाऊस अडविते, भिजली तरी ऊब धरून ठेवते, आणि रात्री तीच अंथरूण होते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा मंगळवार पेठेतील पुष्कळ मंडळींनी पाहिली असेल. तेथे भंडाऱ्याने पिवळी झालेली घोंगडीच धनगराच्या खांद्यावर दिसते. ही घोंगडी कोणी केली, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, 'सनगराने.' आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती आखूड आणि राठ असते. काळी, पांढरी, करडी अशी लोकर निवडायची, साफ करायची, मग रहाटावर कातायची, ही कामे धनगर-सनगरांच्या घरी मुख्यतः बायकांकडेच असत. चिंचोके भरडून, भिजवून, शिजवून त्यांची खळ केली जाते. ती ताण्याला लावली म्हणजे राठ सूत मागाची ओढ सोसते. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो तो बहुधा पुरुष. परंतु एका मागाला सूत पुरवायला अनेक हात राबावे लागतात.

इतिहासाने मात्र मागाचीच नोंद ठेवली. लोकर विणणाऱ्या धनगरांना खुटेकर म्हणतात. हे नाव विणकराच्या खुंटावरून आले, असे सांगतात. एन्थोव्हेनने 1920 ते 1922 या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यातील जातीजमातींच्या ग्रंथातही खुटेकरांची नोंद आहे. खुंटावरून पोटजातीला नाव मिळाले. चातीवरून कोणाला मिळाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. कातणे हे घरकामात जमा झाले, आणि घरकामाला मजुरी कोण देणार?

पुढे रेनकोट आला, गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली. मेंढपाळाला मांसाचे चार पैसे अधिक मिळू लागले, तशी कित्येकांनी जत भागातील माडग्याळ मेंढी पसंत केली. तिच्या अंगावर लोकर नावापुरतीच. कातरणीचा खर्च लोकरीच्या किमतीतून निघेना, म्हणून कातरलेली लोकर टाकून देण्याची पाळीही अनेकांवर आली. अशा दिवसांत सर्वांत आधी थांबला तो रहाट. माग विकत घेता येतो. राठ लोकरीतून एकसारखा धागा काढणारे बोट लहानपणापासून घडावे लागते. आज हे कसब जेथे टिकून आहे, तेथे ते बहुतेक वयस्क बायकांच्या हाती आहे.

घोंगडी जगावी असे आपणांस खरोखर वाटत असेल, तर तिच्या किमतीत कताईची मजुरी वेगळी धरली पाहिजे, आणि ती कातणारणीच्याच हातात पडली पाहिजे. यात्रेत घोंगडी घेताना विणकराचे गाव आपण विचारतोच. सूत कोणी कातले आणि त्या बाईला काय मिळाले, एवढेही त्याच वेळी विचारावे.