गिरमिटाचा उलटा धक्का

प्लास्टिकचे दाणे स्वस्त, पण थ्रीडी प्रिंटरची तार महाग! म्हणून घरगुती एक्स्ट्रूडरची स्पर्धा निघाली. अट अशी की सुटे भाग २५० डॉलरच्या आत बसले पाहिजेत. २०१३ साली ती जिंकली ८३ वर्षांच्या ह्यू लायमन आजोबांनी. बक्षीस ४०,००० डॉलर. लाकडातून भुसा बाहेर काढणारं गिरमिट त्यांनी प्लास्टिक पुढे ढकलायला वापरलं.

अकलूजला घरी मीही तेच केलं. दहा मिनिटांत मोटर कण्हायला लागली. मी हीटरला शिव्या घालत बसलो. बाबा म्हणाले, "अरे, गिरमिट प्लास्टिकला ढकलतंय, तर प्लास्टिकही त्याला मागे रेटणारच की!"

सगळा रेटा गिअरबॉक्सवर येत होता. थ्रस्ट बेअरिंग बसवलं, आणि मोटर गप्प. आता तार १.७५ मिलिमीटरवर टिकवायची आहे. ते पुढच्या शनिवारी!