गिअरपेटीचे तेल (हस्तचलित)

हस्तचलित गिअरपेटीचे तेल (प्रचलित नाव: गिअर ऑइल) हे मोटारीच्या गिअरपेटीतील दंतचक्रे, धारवे (बेअरिंग) आणि सिंक्रोनायझरच्या कड्या यांना वंगण पुरवणारे तेल होय. ज्वलनाशी संबंध नसल्याने ते इंजिन ऑइलपेक्षा सावकाश खराब होते. मात्र जुन्या मोटारींत सील झिजून ते गळते आणि पातळी घटल्याची सूचना देणारा दिवा सहसा नसतो.

== तेलाची निवड ==
श्यानतेनुसार ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० अशा श्रेणी असतात. हे आकडे इंजिन ऑइलपेक्षा वेगळ्या मापनश्रेणीतील आहेत. गिअर ऑइलची ९० ही श्रेणी इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकीच दाट असते. गुणवत्तेनुसार जीएल-४ आणि जीएल-५ हे वर्ग प्रचलित आहेत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त दाबरोधक घटक अधिक असतात. त्यांपैकी काही घटक सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना अपायकारक ठरतात. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे अधिक योग्य तेल असे नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेतील वर्गच वापरावा. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश 'मिनी' मोटारीत तर गिअरपेटी इंजिनाखालीच असून दोहोंना एकच इंजिन ऑइल पुरते.

== तपासणी ==
मोटार सपाट जागी, चारही चाके समपातळीत ठेवून इंजिन बंद करतात. वर उचललेली मोटार भक्कम स्टँडवर टेकवणे आवश्यक असते. केवळ जॅकच्या आधारे खाली शिरणे जीवघेणे ठरू शकते. बहुतेक गिअरपेट्यांत बाजूचा भरणबूच काढल्यावर तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असल्यास पातळी योग्य समजतात.

== तेल बदलणे ==
थोडे अंतर चालवून तेल कोमट केल्यास ते सहज निथळते. भरणबूच नेहमी आधी सोडवतात. तो गंजून अडकला असेल आणि खालचा निचराबूच आधीच उघडला असेल, तर रिकाम्या गिअरपेटीत तेल भरता येत नाही. निचराबुचाच्या चुंबकावरील बारीक करडी पूड ही सामान्य झीज असते. धातूचे तुकडे आढळल्यास आतील भाग तुटल्याची शक्यता असते. बूच नव्या वॉशरसह बसवून, छिद्रातून तेल ओघळू लागेपर्यंत ते भरतात.

== विल्हेवाट ==
वापरलेले तेल माती व पाणी दूषित करते. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्याचा पुनर्वापर अधिकृत प्रक्रियाकेंद्रांतच करता येतो. म्हणून ते गटारात न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे सोपवावे.