बर्गी : नागपूरकर भोसल्यांचे स्वार

बर्गी : अठराव्या शतकात नागपूरहून बंगाल, बिहार आणि ओरिसावर चालून गेलेल्या मराठा घोडेस्वारांना बंगाली माणसाने दिलेले नाव. मराठा फौजेत ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. बंगालच्या शेतकऱ्याला हा फरक माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याने ‘बारगीर’वरून सगळ्यांनाच बर्गी म्हटले. स्वाऱ्यांचा प्रत्यक्ष काळ १७४२ ते १७५१ असा जेमतेम दहा वर्षांचा. बंगाली कल्पनेत मात्र बर्गी अजून घोड्यावरून उतरलेला नाही.

या स्वाऱ्यांमागे होते पहिले रघूजी भोसले (मृत्यू १७५५). घराणे हिंगणीकर भोसल्यांचे. परसोजी भोसल्यांनी १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा पक्ष घेतला आणि सेनासाहेबसुभा हे पद घराण्यात आले. नागपूर तेव्हा देवगडच्या गोंड राजांचे होते. बख्त बुलंद शाहने ते १७०२ मध्ये वसवले आणि चांद सुलतानाने तिथे राजधानी आणली. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा लागला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने रघूजींना मदतीला बोलावले. ते आले आणि तंटा मिटवून राहिलेही. १७४३ पर्यंत गोंड राजा नावापुरता उरला आणि कारभार भोसल्यांच्या हाती आला. दरम्यान १७४० मध्ये रघूजींच्या कर्नाटकच्या स्वारीत दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्त अली मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद करण्यात आले. बंगालकडे वळण्याआधीच रघूजी हे मोठे नाव झाले होते.

बंगालची पहिली स्वारी त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी केली. छत्तीसगडातले रतनपूर घेऊन, पाचेतच्या डोंगराळ वाटेने ते १७४२ च्या एप्रिलमध्ये बरद्वानजवळ उतरले. बंगालचा नवाब अलिवर्दीखान ओरिसातून परतत होता, तो वाटेतच कोंडला गेला. मीर हबीब हा नवाबाचा माहितगार सरदार मराठ्यांना मिळाला. त्यानेच मुर्शिदाबादेची वाट दाखवली आणि जगत्‌शेठची पेढी लुटली गेली. पुढे हुगळी पडली आणि गंगेकाठच्या काटव्याला छावणी बसली. शेजारच्या दाईहाटात भास्कररामांनी थाटाने दुर्गापूजा मांडली. ती आटोपायच्या आत अलिवर्दीने रात्री नदी उतरून छापा घातला. कोलकात्यात इंग्रजांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरलेल्या सात मैलांपैकी तीनेक मैल झाल्यावर काम थांबले. बर्गी तिथवर आलेच नाहीत. शतकाच्या अखेरीस ‘मराठा डिच’ बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला.

१७४३ मध्ये खुद्द रघूजी आले आणि त्यांच्या मागोमाग नानासाहेब पेशवेही आले, पण रघूजींच्या मदतीला नव्हे. पेशव्यांनी अलिवर्दीकडून चौथ, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, कबूल करून घेतली, फौजेच्या खर्चापोटी २२ लाख रुपये घेतले आणि रघूजींना बंगालबाहेर हुसकले. अखेर साताऱ्याला शाहू महाराजांनी दोघांचे मुलूख वाटून दिले. बंगाल आणि ओरिसा नागपूरकरांकडे आले. पुढच्या वर्षी, ३१ मार्च १७४४ रोजी, मनकऱ्याला वाटाघाटीसाठी बोलावून अलिवर्दीने भास्कररामांसह वीसेक सरदारांची शामियान्यात कत्तल केली. छावणीत मागे राहिलेल्या रघूजी गायकवाडाने फौज सावरून बाहेर काढली. त्यानंतरही सहा-सात वर्षे स्वाऱ्या चालू राहिल्या. १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल आणि सालीना १२ लाख रुपये चौथ भोसल्यांकडे आली; सुवर्णरेखा नदी ही हद्द ठरली.

मराठी बखरकारी वळणाने सांगितले तर हकीकत इथे संपते. सामान्य बंगाली माणसाच्या वाट्याला या काळात जाळपोळ, छळ, बलात्कार आणि उपासमार आली. मृतांचा आकडा डच व्यापाऱ्यांच्या अंदाजाने चार लाखांपर्यंत सांगितला जातो. तो अंदाजच धरावा. पण पश्चिम बंगालमधली रेशमाची आणि कापडाची पेठ मोडली, गावेच्या गावे भागीरथीच्या पूर्वेला पळाली, याविषयी दुमत नाही. चौथ ही रीतसर मागणी होती, लूट नव्हती, असे समर्थन आपल्याकडे अनेकदा केले जाते. कागदावर ते खरे आहे. ज्याचे घर जळाले त्याला कागद वाचून दाखवायला कोणी गेले नव्हते.

यातूनच बर्गीचे कल्पित रूप तयार झाले, आणि ते तयार होण्याचा वेग थक्क करणारा आहे. गंगाराम नावाच्या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्याची पोथी १७५१ ची, म्हणजे तह झाला त्याच वर्षाची आहे. त्यात पापाचा भार झालेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते, शिव नंदीला शाहूराजाच्या अंगी संचारायला धाडतो, राजा चौथ मागतो आणि रघूजी भास्कररामांना रवाना करतात. म्हणजे बर्गी येतात ते देवाच्या आज्ञेने. पण ते ब्राह्मण-वैष्णवांना आणि बायकांनाही सोडत नाहीत, तेव्हा देवी संतापून पक्ष बदलते आणि भास्कररामांचा अंत होतो. याच काव्यात कोणकोणत्या गावांतले लोक पळाले आणि कोण काय उचलून पळाले, याची बारीक वर्णने आहेत: पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन. इतिहासकार हा मजकूर पुरावा म्हणून वापरतात. नंदीचा भाग बाजूला ठेवतात. खरे तर दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत सांगितलेले आहे, आणि वाचायचे तर एकत्रच वाचावे.

बाँकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरची कथा आणखी पुढे जाते. भास्कररामांची फौज वेशीवर आली, तेव्हा मल्ल राजा गोपालसिंहाने लढण्याऐवजी प्रजेला हरिनाम घ्यायला लावले. मग कुलदैवत मदनमोहनाने स्वतः तटावर येऊन दलमादल नावाची तोफ डागली आणि बर्गी पळाले. तोफ लोखंडाची, सुमारे बारा फूट लांब आहे. ती आजही बिष्णुपुरात चौथऱ्यावर ठेवलेली आहे आणि प्रवाशांना हीच कथा ऐकवली जाते.

सर्वांत टिकाऊ ठरले ते एक अंगाईगीत. मूल झोपले, गाव शांत झाले, बर्गी आले; धान पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरायचा, असा त्याचा आशय आहे. बागुलबुवाच्या गाण्यात वसुलीची चिंता यावी, हे जगात फार ठिकाणी आढळणार नाही. बर्गीची खरी ओळख या गाण्याने इतर कोणाहीपेक्षा नेमकी पकडली आहे.

घोड्यावरून येणाऱ्या विजेत्याचे कल्पित रूप म्हटले की जगाला मंगोल आठवतो. संगणकी खेळांनी त्याला घरोघरी नेले. ‘सिव्हिलायझेशन’च्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत चंगीझखान आहे, ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९९ च्या दुसऱ्या भागात त्याची स्वतंत्र मोहीम आहे. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) या खेळात १२७४ ची जपानवरची खरी स्वारी घेऊन तिचा सेनापती म्हणून खोतून खान हे सर्वस्वी काल्पनिक पात्र रचले आहे. तो शत्रूची भाषा आणि चालीरीती शिकून आलेला, गोड बोलणारा विजेता आहे. मराठ्यांना असा मान ठळकपणे मिळाला तो ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) मध्ये. तिथे मराठा मंडळ एकाच रंगाचा, एकाच खेळाडूच्या हुकमातला पक्ष आहे. त्यामुळे १७४३ चा प्रसंग, म्हणजे पेशव्याने नवाबाचे पैसे घेऊन सेनासाहेबसुभ्यावर चालून जाणे, त्या खेळात घडूच शकत नाही. मराठी राज्याचा जो भाग कादंबरीकाराला सर्वांत जास्त खुणावेल तोच नियमांत बसला नाही.

नागपुरात या सगळ्याचा मागमूस थोडा आहे. ऐतिहासिक व्यक्तीचा पुतळा करून तिला गावाबाहेर नेण्याची कला या शहराला चांगली अवगत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा दुसऱ्या रघूजींच्या राणी बाकाबाईशी जोडला जातो. पण बर्गी हे नाव महालातल्या किंवा इतवारीतल्या माणसाला विचारले तर बहुधा ओळखीचे निघत नाही. इथे रघूजी हे गाव थोर करणारे राजे आहेत. ओरिसा १८०३ च्या देवगावच्या तहाने इंग्रजांकडे गेले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले आणि बंगालच्या आठवणी बंगालातच राहिल्या.

पहिल्या रघूजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ मध्ये लंडनमध्ये लिलावात निघाली. पाते युरोपीय बनावटीचे, एकधारी. पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हे पद कोरलेले. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मुंबईत आणण्यात आली.