वस्तुप्रतिचित्रक, दस्तऐवजी डेटाबेसमधील

वस्तुप्रतिचित्रक, दस्तऐवजी डेटाबेसमधील : संगणकीय आज्ञावलीतील वस्तू आणि डेटाबेसात साठविलेल्या नोंदी यांचे परस्परांत रूपांतर करणारी मध्यस्थ प्रणाली. तिला ऑब्जेक्ट मॅपर असेही म्हणतात.

एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात माहिती कोष्टकांच्या रूपात ठेवली जाते. आज्ञावलीतील वस्तूंत मात्र इतर वस्तू व याद्या अंतर्भूत असतात. या भिन्न रचनांचा मेळ घालण्यासाठी प्रतिचित्रके निर्माण झाली. जावा भाषेसाठीचे ‘हायबरनेट’ (२००१) हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. २००९ मध्ये प्रसृत झालेल्या ‘मोंगोडीबी’ या डेटाबेसात कोष्टकांऐवजी दस्तऐवज आले. एका दस्तऐवजात याद्या व उपदस्तऐवज सामावू शकतात आणि सर्व नोंदींची रचना सारखी असण्याचे बंधन नसते. त्यामुळे प्रतिचित्रकाचे मूळ प्रयोजन बरेचसे लोपले.

तथापि बंधन गेले, तरी शिस्तीची गरज उरलीच. उदा., ग्रंथालयाच्या एका नोंदीत प्रकाशनवर्ष संख्येच्या रूपात व दुसरीत अक्षरांच्या रूपात साठविले गेले, तर १९८४ या संख्येचा शोध घेताना दुसरी नोंद हाती लागत नाही. ग्रंथ असूनही नसल्यासारखा होतो. हा दोष टाळण्यासाठी नोड.जेएसवर चालणाऱ्या आज्ञावलींकरिता २०१० मध्ये ‘मोंगूस’ हे प्रतिचित्रक पुढे आले. ‘मोंगूस’ हा इंग्रजी शब्द मुळात मराठी ‘मुंगूस’ या शब्दावरून आलेला आहे.

मोंगूसमध्ये नोंदीचा आराखडा आज्ञावलीतच लिहितात. प्रत्येक क्षेत्राचा प्रकार, ते आवश्यक आहे की नाही व त्याचे गृहीत मूल्य त्यात नमूद असते. जतन करण्यापूर्वी मूल्ये योग्य प्रकारात रूपांतरित करून तपासली जातात. आराखड्यात नसलेली क्षेत्रे सामान्यतः वगळली जातात. मात्र डेटाबेसात थेट लिहिणाऱ्या अन्य आज्ञावलीवर या आराखड्याचे नियंत्रण नसते. मोंगूसच्या थेट दुरुस्तीच्या आज्ञांतही नियमांची तपासणी मुद्दाम सुरू करावी लागते.

ही मर्यादा ओळखून नियम डेटाबेसातच नोंदविण्याची सोय मोंगोडीबीच्या ३.२ (२०१५) या आवृत्तीत करण्यात आली व ३.६ (२०१७) मध्ये ती अधिक विस्तृत झाली. अशा रीतीने डेटाबेसातून वगळलेला आराखडा प्रथम आज्ञावलीत व नंतर, ऐच्छिक स्वरूपात का होईना, पुन्हा डेटाबेसात आला. नोंदींची विश्वसनीयता राखण्याची जबाबदारी कोणीतरी स्वीकारावीच लागते, हे या इतिहासावरून दिसून येते.